जुन्या कमिटमधील पासवर्ड आणि रिपॉझिटरी सार्वजनिक करणे

सह्यवाट: नमस्कार. आमच्या गटाचा एक प्रकल्प गिटहबवर (कोड साठवण्याच्या संकेतस्थळावर) खासगी रिपॉझिटरीमध्ये (फाइली आणि त्यांचा इतिहास असलेल्या साठ्यात) असून तो आता सार्वजनिक करायचा आहे. इतिहास तपासताना एका जुन्या कमिटमधील (बदलांच्या नोंदीतील) कॉन्फिग फाइलमध्ये (सेटिंगच्या फाइलमध्ये) डेटाबेसचा पासवर्ड आढळला. ती फाइल नंतर काढून टाकली आहे आणि तिचे नाव गिटइग्नोरमध्येही (नोंदवायच्या नसलेल्या फाइलींच्या यादीत) घातले आहे. एवढे पुरेसे आहे, की इतिहासच बदलावा लागेल?

अक्षरमित्र: पुरेसे नाही. प्रत्येक कमिटमध्ये त्या क्षणीच्या संपूर्ण प्रकल्पाची नोंद असते, त्यामुळे पुढे फाइल काढली तरी मागच्या कमिटमध्ये ती जशीच्या तशी राहते आणि क्लोन करणाऱ्या, म्हणजे रिपॉझिटरीची पूर्ण प्रत घेणाऱ्या प्रत्येकाला मिळते. गिटइग्नोर फक्त अद्याप न नोंदवलेल्या फाइलींना लागू होते. आधी पासवर्ड बदला, आणि तोही आजच; रिपॉझिटरी खासगी असली तरी तो अनेकांच्या संगणकांवर पोहोचलेला आहे.

नदीकाठ: इतिहास बदलायचाच असेल, तर गिट फिल्टर-रेपो हे इतिहास पुन्हा लिहिणारे साधन वापरा, जुन्या फिल्टर-ब्रँचऐवजी याचीच शिफारस गिटच्या अधिकृत माहितीपुस्तिकेतही आहे. मात्र प्रत्येक कमिटचा हॅश (त्याच्या आशयावरून काढलेली ओळखखूण) त्याच्या आधीच्या कमिटच्या हॅशवरही अवलंबून असल्याने, त्या कमिटपासून पुढचे सगळे हॅश बदलतात. त्यानंतर सर्वांनी नव्याने क्लोन करणे आवश्यक आहे, कारण एकानेही जुन्या प्रतीतून मर्ज करून (बदल एकत्र करून) पुश केले (गिटहबवर पाठवले), तर पासवर्ड पुन्हा इतिहासात येईल.

सह्यवाट: आभारी आहे. पासवर्ड बदलला. जुन्या पुल रिक्वेस्टचे (बदल सामावून घेण्याच्या विनंत्यांचे) काय?

नदीकाठ: त्यांतून जुने कमिट दिसत राहतात आणि ते संदर्भ आपल्याला पुश करून बदलता येत नाहीत, त्यासाठी गिटहबच्या साहाय्य विभागाला लिहावे लागते. फोर्कमधील (इतरांनी आपल्या खात्यात घेतलेल्या) प्रती तर वेगळ्याच राहतात.

अक्षरमित्र: म्हणूनच माझे स्पष्ट मत असे, की बदललेला पासवर्ड दुसरीकडे कुठेही वापरात नसेल, तर इतिहासाला हात लावू नये. त्या निरुपयोगी अक्षरांसाठी कोणती ओळ कोणी आणि का बदलली याची सलग नोंद विस्कटणे, जुने हॅश उद्धृत करणाऱ्या चर्चा निराधार करणे, ही किंमत फार मोठी आहे. कमिटमध्ये ग्राहकांची वैयक्तिक माहिती असती, तर ती बदलून टाकता येत नसल्याने इतिहास पुन्हा लिहिण्यावाचून पर्याय नव्हता. सार्वजनिक रिपॉझिटरींसाठी गिटहबने २०२४ पासून पुश प्रोटेक्शन (गुप्त माहिती पुश होताना अडवणारी सोय) आपोआप सुरू ठेवले आहे, परंतु ते ठरावीक साच्याच्या टोकनना (सेवांच्या प्रवेश-संकेतांना) अडवते. साधा पासवर्ड त्यातून सहज निसटतो. त्यामुळे तो एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्येच (कोडबाहेर, संगणकाच्या सेटिंगमध्ये) ठेवा आणि रिपॉझिटरीत केवळ नमुना फाइल असू द्या.