गुलामांचा व्यापार नक्की कुणामुळे थांबला?

दर्यावर्दी
१८०७ साली ब्रिटिश संसदेने गुलामांचा व्यापार बंद केला, म्हणून श्रेय ब्रिटनच्या माणुसकीचं, असं सर्रास सांगितलं जातं. मला ते पटत नाही. १७८१ मध्ये 'झाँग' जहाजावरच्या खलाशांनी १३० हून जास्त जिवंत माणसं समुद्रात फेकली. लंडनच्या कोर्टात खटला उभा राहिला तो खुनाचा नव्हे, विम्याचा! जहाजमालकांना बुडालेल्या 'माला'ची भरपाई हवी होती. गुलाम राबवणाऱ्या मळेवाल्यांच्या पोटात खरा गोळा आला तो कॅरिबियनमधल्या हैतीमुळे. तिथे १७९१ मध्ये गुलामांनीच उठाव केला आणि १८०४ मध्ये स्वतःचं राष्ट्र उभं केलं.

बिनसाखरेचा चहा
अहो, पण झाँगची हकिगत गुलामगिरीविरुद्ध लढणाऱ्या ग्रॅनव्हिल शार्पना सांगितली ती गुलामीतून सुटलेल्या ओलाउदा इक्वियानोने, आणि ती ऐकून पेटून उठणारा हा शार्प इंग्रजच होता ना? कितीतरी इंग्रज घरांनी गुलामांनी पिकवलेली वेस्ट इंडीजची साखर खाणं सोडलं. १७९२ मध्ये संसदेकडे पाचशेहून जास्त अर्ज गेले, सह्या करणाऱ्या बहुतेकांना मताचा हक्कही नव्हता. पुढे आरमाराने आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गस्त घालून दीड लाखाच्या आसपास माणसं सोडवली. त्या कामी खलाशी तापाने मेले. हे सगळं खोटं?

जुना नकाशा
सुरुवातही बघा. पोर्तुगीजांनी १४८२ साली पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर एल्मिनाचा किल्ला बांधला तो सोन्यासाठी. माणसांचा बाजार फोफावला तो अटलांटिकपलीकडे अमेरिकेत उसाचे मळे लागल्यावर. सव्वा कोट माणसं जहाजांत कोंबली, त्यातली अठरा लाखांच्या आसपास वाटेतच मेली. पण पश्चिम आफ्रिकेतल्या डाहोमी राज्याच्या राजांनी कैदी विकले, हेही लिहा की.

दर्यावर्दी
डाहोमीचं मान्य. पण मळ्यावर जन्मलेलं तान्हं मूलही गुलाम, हा कायदा डाहोमीने केला नव्हता. साखर सोडणाऱ्यांनाही मी कमी लेखत नाही, माझा राग संसदेवर आहे. १८३१ च्या नाताळात जमैकात सॅम्युएल शार्प (ग्रॅनव्हिल नव्हे, हे स्वतः गुलाम) यांच्या पुढाकाराने हजारो गुलामांनी काम थांबवलं, मळे पेटले. १८३२ मध्ये सॅम्युएल यांना फाशी झाली आणि १८३३ मध्ये गुलामगिरीच रद्द करणारा कायदा आला. त्यात दोन कोटी पौंड भरपाई, तीही मालकांना!

बिनसाखरेचा चहा
भरपाई नसती, तर मळेवाल्यांनी तो कायदा होऊ दिला असता का? अजून किती वर्षं साखळ्या राहिल्या असत्या?

दर्यावर्दी
मग राबलेल्यांना काय दिलं? 'उमेदवारी'च्या (शिकाऊ कामाच्या) नावाखाली १८३८ पर्यंत त्याच मालकाकडे, त्याच शेतात, बिनपगारी काम.