मदत हवी आहे: स्टेनहामारचा पियानो कॉन्चेर्टो क्र. १, दोन रेकॉर्डिंगमधला ऑर्केस्ट्रा वेगळा का?

मध्यसप्तक (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

पाश्चात्त्य अभिजात संगीतातली जाणकार मंडळी इथे आहेत हे जुन्या धाग्यांवरून ठाऊक आहे, म्हणून फार प्रस्तावना न करता विचारतो.

फिनिश संगीतकार सिबेलियसने आपली सहावी सिंफनी ज्याला अर्पण केली तो स्वीडिश संगीतकार विल्हेल्म स्टेनहामार (१८७१–१९२७) कोण, एवढं बघायला गेलो आणि त्याच्या पियानो कॉन्चेर्टो (एकल पियानो आणि ऑर्केस्ट्रा यांची रचना) क्र. १ मध्ये अडकलो. बी फ्लॅट मायनर, ओपस (रचनाक्रमांक) १. चार भाग, साधारण पाऊण तास. सध्या कानात दुसरं काही टिकत नाही. चायकॉव्हस्कीचा जगाला पाठ झालेला कॉन्चेर्टो याच स्केलमधला, ब्राम्सचा दुसरा असाच चार भागांचा. त्यांची पारायणं होतात आणि याचं नावही कुठे निघत नाही, याचं नवल वाटतं.

आता अडचण. ॲपवर मला दोन रेकॉर्डिंग मिळाली. एकात पियानोवर इरेन मानहाइमर, संचालक शार्ल ड्युट्वा. दुसऱ्यात लव्ह डेरविंगर आणि पावो यार्वी. नाव, स्केल, ओपस सगळं सारखं. पियानोही तेच वाजवतो. मागचा ऑर्केस्ट्रा मात्र वेगळा! लय इकडेतिकडे झाली किंवा माईक लांब ठेवला असा फरक नाही. हेडफोन लावून स्केर्त्झो (चपळ असा दुसरा भाग) चार-चार बारना (आवर्तनासारखे छोटे तुकडे) थांबवत आलटून पालटून ऐकला. पियानोची ओळ तंतोतंत जुळते, पण तिच्यामागे बोलणारी वाद्यं बदललेली असतात. ॲपवर याबद्दल एक अक्षर नाही.

हे काय प्रकरण आहे? आणि यातलं मूळ कोणतं?

शिवाय दोन उपप्रश्न. पुण्यातल्या आमच्या श्रवणमंडळात हे ऐकवायचं मनात आहे. बहुतेक जण खयाल-ठुमरीवाले. पंचेचाळीस मिनिटं अखंड लावलं तर निम्मे जण चहाला उठतील, तर सुरुवात कुठून करू? आणि भाची पियानोच्या वरच्या ग्रेडला आहे, तिला नोटेशन बघायचंय. ते मिळतं का?

---

जुनी_एलपी

कान शाबूत आहेत तुमचे. दोन्हीकडचा ऑर्केस्ट्रा खरोखरच वेगळा आहे, आणि त्याला कारण आहे दुसरं महायुद्ध.

स्टेनहामारने हा कॉन्चेर्टो १८९३ साली लिहिला, वय बावीस. १८९४ मध्ये स्टॉकहोमला पहिला प्रयोग झाला तेव्हा पियानोवर तो स्वतःच होता. प्रकाशक ब्रेस्लाऊचा हाइनाउअर. ब्रेस्लाऊ म्हणजे आजचं पोलंडमधलं व्रोत्सवाफ. युद्धात ते शहर बेचिराख झालं, आणि ऑर्केस्ट्राचा पूर्ण स्कोअर (सगळ्या वाद्यांचं एकत्र नोटेशन) व वादकांच्या प्रती त्यात गेल्या.

उरली ती दोन पियानोंची छापील प्रत. त्या काळी कॉन्चेर्टो निघाला की ऑर्केस्ट्राचा भाग दुसऱ्या पियानोवर उतरवून अशी प्रत काढत, क्लासमध्ये नि घरी सराव तिच्यावरच चाले. आता गंमत बघा. या प्रतीत स्वर सगळे असतात, पण हा स्वर क्लॅरिनेटचा होता की व्हायोलाचा, ते तिच्यावरून ठरवता येत नाही. नाट्यपदाचं पेटीवरचं नोटेशन हाती असावं आणि मूळ साथीला कोण बसलं होतं याचा पत्ता नसावा, तसं.

कुर्ट आटरबर्ग नावाच्या दुसऱ्या स्वीडिश संगीतकाराने त्या प्रतीवरून अख्खा ऑर्केस्ट्रा नव्याने बसवला. हा गृहस्थ पेशाने इंजिनिअर, स्वीडनच्या पेटंट कार्यालयात १९६८ पर्यंत नोकरी केली, वयाच्या ऐंशीनंतरसुद्धा! आणि नोकरी सांभाळून नऊ सिंफनी लिहिल्या. त्याचा स्वतःचा पियानो कॉन्चेर्टोही बी फ्लॅट मायनरमध्येच आहे. त्यामुळे काम काही ऐऱ्यागैऱ्याच्या हातात गेलं नव्हतं.

कित्येक वर्षं सगळे आटरबर्गची आवृत्तीच वाजवत होते. मग १९८० च्या दशकात मूळ स्कोअरची एक प्रत वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये निघाली. इतकी वर्षं तिथे फडताळात सुखरूप बसली होती.

तर तुमचं मानहाइमर-ड्युट्वा म्हणजे आटरबर्गचा ऑर्केस्ट्रा. डेरविंगर-यार्वी म्हणजे स्टेनहामारचा स्वतःचा. ॲपवाले ही माहिती खाऊन टाकतात, सीडीच्या पुस्तिकेत ती असते.

---

खवट_श्रोता

गोष्ट झकास, पण ‘उपेक्षित’ म्हणून लगेच डोक्यावर घ्यायची घाई नको. उमेदवारीच्या काळात स्टेनहामार ब्राम्सचा पहिला कॉन्चेर्टो स्टॉकहोमला वाजवत होता, आणि ते इथे पानोपानी ऐकू येतं. पहिला भाग मला तरी लांबतो. विषय (मुख्य सुरावटी) सुंदर आहेत, पण सोडवत नाहीत त्याला. बावीस वर्षांच्या पोराला जे जे सांगायचंय ते सगळं एकाच बैठकीत.

त्याला स्वतःलाही पुढे याची जाणीव झाली असावी असं माझं मत. सिबेलियसची दुसरी सिंफनी ऐकल्यावर स्वतःची एफ मेजर सिंफनी त्याने मागे घेतली. असा आत्मपरीक्षण करणारा माणूस विरळा. त्याचा दुसरा पियानो कॉन्चेर्टो (डी मायनर, ओपस २३) ऐका. पहिल्यापेक्षा बराच आटोपशीर, आणि चारही भाग न थांबता एकमेकांत शिरतात. पियानो डी मायनर धरून बसलेला, ऑर्केस्ट्रा त्याला खाली सी शार्प मायनरकडे ओढतोय. षड्जावरूनच भांडण! तुमच्या खयालवाल्यांना हे बरोब्बर कळेल.

---

गोथेनबर्गची_सून

इथे नोकरीनिमित्त राहते, म्हणून दोन शब्द. स्टेनहामार १९०७ ते १९२२ इथल्या ऑर्केस्ट्राचा मुख्य संचालक होता. आमच्या कॉन्सर्ट हॉलमधल्या छोट्या सभागृहाला त्याचंच नाव आहे, स्टेनहामारसालेन. पण सर्वसामान्य स्वीडिश माणसाला विचाराल तर तो ‘स्वेरिये’ हे गाणं सांगेल, समारंभात गायकवृंद म्हणतात ते. ते स्टेनहामारचं आहे हेही अनेकांना सांगावं लागतं. पियानो कॉन्चेर्टो वगैरे तर ऑफिसात कोणी ऐकलेलाही नाही.

@खवट_श्रोता, पहिला भाग लांबतो हे मान्य. पण तिसरा, संथ भाग, आंदान्ते, ऐकून तुम्ही असं म्हणताय? तिथे ब्राम्स नाही, तिथे इथली जून महिन्यातली रात्र आहे. अंधार पडतच नाही, झोपही लागत नाही.

---

जुनी_एलपी

@मध्यसप्तक, रेकॉर्डिंगचं राहिलंच. एकच घ्यायचं तर सेटा टान्येल आणि अँड्र्यू मँझे, हेल्सिंगबोर्गचा ऑर्केस्ट्रा, हायपेरियन या रेकॉर्ड कंपनीच्या ‘रोमँटिक पियानो कॉन्चेर्टो’ मालिकेतला ४९ वा खंड. दोन्ही कॉन्चेर्टो एकाच तबकडीत, म्हणजे खवट साहेबांचीही सोय होते. मॅट्स विडलुंड आणि रोझदेस्तव्हेन्स्की यांचं शान्दोस कंपनीचंही भारदस्त आहे. मानहाइमर फेकू नका मात्र. आटरबर्गची आवृत्ती आता फारसं कोणी वाजवत नाही, उद्या तीच दुर्मीळ व्हायची.

नोटेशनचं: दोन पियानोंची प्रत १८९५ च्या आसपासची, आणि स्टेनहामारला जाऊन नव्वदहून जास्त वर्षं झाली, त्यामुळे ती स्वामित्वहक्कमुक्त आहे. आयएमएसएलपी या मोफत नोटेशनच्या संकेतस्थळावर शोधा. आटरबर्ग १९७४ ला गेला, त्याच्या ऑर्केस्ट्रेशनवर हक्क अजून शाबूत आहेत, ते फुकट शोधत बसू नका. भाचीला आधी आंदान्ते द्या. स्केर्त्झो बघून पोरगी पियानो सोडेल.

श्रवणमंडळात थेट स्केर्त्झोने सुरू करा, मग आंदान्ते. पहिला भाग ज्यांना हवाय ते मागून घेतील.

---

मध्यसप्तक (धागाकर्ता)

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. टान्येल मागवतो.

कार्यक्रम असा धरलाय: आधी स्केर्त्झोची तीन-चार मिनिटं आटरबर्गची, लगेच तीच मूळ ऑर्केस्ट्रासह, काही न सांगता. फरक कोणाला जाणवतो ते बघू. मग गोष्ट, मग आंदान्ते सलग. @खवट_श्रोता, दुसऱ्या कॉन्चेर्टोची सुरुवातही शेवटी लावतो, षड्जाच्या भांडणासकट.

@गोथेनबर्गची_सून, कॉन्सर्ट हॉलच्या कार्यक्रमपत्रिकेत हा कॉन्चेर्टो कधी दिसला तर इथे कळवाल का?

दोन पियानोंची प्रत मिळाली. भाचीच्या बाईंनी चाळली आणि आंदान्तेमध्ये पहिला पियानो धरायला तयार झाल्या. क्लासमध्ये दोन पियानो आहेत, दुसऱ्यावर ऑर्केस्ट्राची बाजू धरणारं कोणी नाही. पुण्यात किंवा मुंबईत नोटेशन बघून वाजवणारं, रविवारी सकाळी मोकळं असणारं कोणी असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. जाण्यायेण्याचा खर्च आणि जेवण आमच्याकडे.