आई-बाबांना घेऊन बार्सिलोना: विमानतळावरून शहरात कसं जावं?

नाशिकची_मनवा:
नमस्कार मंडळी. मे महिन्यात आई-बाबांना घेऊन बार्सिलोनाला चालले आहे. आई ६८ वर्षांची, गुडघे दुखतात आणि शुद्ध शाकाहारी, अंडंही चालत नाही. मुंबईहून दुबईमार्गे दुपारी उतरू. मुक्काम प्लासा कातालुन्या या शहराच्या मध्यवर्ती चौकाजवळ आहे. सहा दिवसांनी रोम, ते तिकीट स्वस्तातल्या विमान कंपनीचं आहे, आणि परतीचं विमान रोमहूनच. विमानतळावरून मेट्रो बरी की बस? पास कुठला काढू? आईच्या खाण्याचं काय? कुणी जाऊन आलं असेल तर कृपया सांगा.

मिरजेची_मावशी:
मनवा, माझी मुलगी तिथे शिकायला होती. दोनदा जाऊन राहिले, दुसऱ्यांदा सासूबाईही सोबत होत्या. त्यामुळे तुझी काळजी कळते.

आधी व्हीलचेअर. विमान कंपनीला आजच सांगून टाक. युरोपातल्या विमानतळांवर ही मदत फुकट असते, फक्त निदान ४८ तास आधी कळवावं लागतं. रोमच्या तिकिटासाठीही वेगळं कळव. सासूबाई आधी नको नको म्हणत होत्या, पण उतरल्यावर पासपोर्टच्या रांगेपर्यंतचं अंतर पाहिलं आणि मुकाट्याने बसल्या.

शहरात जायला एरोबस, म्हणजे विमानतळाची खास बस घ्या. दुबईचं विमान टी-१ ला, म्हणजे टर्मिनल एकला लागतं, तिथून ए-१ ही एरोबस सुटते आणि शेवटचा थांबा प्लासा कातालुन्याच, साधारण ३५ मिनिटं. बॅगा ठेवायला आत जागा असते. मेट्रोची एल-९ लाइन टर्मिनलमधूनच निघते खरी, पण ती मध्यवस्तीत जात नाही, तोरासा स्टेशनला उतरून एल-१ लाइन धरावी लागते. बॅगा आणि गुडघे सांभाळत ही बदलाबदली नकोच.

पासाचं नीट वाच. दहा फेऱ्यांचं टी-कॅज्युअल कार्ड एका माणसापुरतंच असतं. आम्ही तिघांत एक घेतलं. मी आत गेले, कार्ड मागे सासूबाईंच्या हातात दिलं, आणि समोर तपासनीस उभा! त्याने शांतपणे समजावलं, पण भर गर्दीत सासूबाई बिचाऱ्या कावऱ्याबावऱ्या झाल्या. तेव्हा एक तर तीन कार्डं घे, नाहीतर टी-फॅमिलियार. त्यात आठ फेऱ्या असतात, ३० दिवस चालतं आणि वाटून वापरता येतं. शिवाय टी-कॅज्युअल विमानतळाच्या मेट्रो स्टेशनवर चालत नाही. ४६ नंबरच्या बसला आणि टी-२ च्या लोकल गाडीला मात्र चालतं.

आता पाकीटमार. रांबला या गजबजलेल्या रस्त्यावर ह्यांच्या कोटावर मागून कुणीतरी पांढरं, चिकट काहीतरी उडवलं. लगेच एक माणूस कागदी रुमाल घेऊन पुसायला धावला, पाठोपाठ दुसरा. सासूबाईंनी पर्स पोटाशी धरली आणि खणखणीत मराठीत ओरडल्या, "हात लावू नका!" दोघं गर्दीत दिसेनासे झाले. असा डाग पडला तर कुणालाही पुसू देऊ नका, सरळ एखाद्या दुकानात शिरा. बाबांचं पाकीट मागच्या खिशात नको, आणि तिघांचे पासपोर्ट एकाच पर्समध्ये नकोत.

आईंसाठी तीन स्पॅनिश शब्द पाठ कर: सिन कार्ने, सिन पेस्कादो, सिन वेवो. मांस नको, मासा नको, अंडं नको. तिथे साध्या सॅलडवरही ट्यूना येतो. तोर्तिया मागवलीत तर बटाट्याचं ऑम्लेट येईल. पावावर टोमॅटो चोळून ऑलिव्ह तेल घातलेलं पा अंब तोमाकेत हमखास मिळतं. एस्कालिवादा म्हणजे भाजलेली वांगी आणि ढोबळी मिरची. सासूबाईंना त्यात भरिताची चव लागली, पण वर कधी कधी छोटे मासे ठेवतात, म्हणून आधी विचारायचं. दुपारी चारनंतर बरीच स्वयंपाकघरं बंद होतात, रात्री आठ-साडेआठपर्यंत जेवण मिळणं कठीण. त्यामुळे दुपारी पोटभर जेवा. राव्हाल भागात डाळ-पीठ-मसाल्याची दुकानं आहेत. तूप, पेढे घरून नेऊ नका, बाहेरून युरोपात दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. चिवडा, चटण्या खुशाल न्या.

कोथरूडचा_भटक्या:
मावशींनी बहुतेक सगळं सांगितलंय. एकच भर घालतो, रोमला निघताना टर्मिनल तपास. स्वस्तातल्या बऱ्याच कंपन्या टी-२ वरून उडतात, पण व्ह्युएलिंग टी-१ वरून. शहरातून टी-२ ला जायला एरोबस ए-२. चुकलंच तर दोन्ही टर्मिनलमध्ये फुकट बस आहे, पण वेळ जातो. खरेदीचा कर परत घ्यायचा असेल तर कागदांवर शिक्का युरोपीय संघ सोडताना, म्हणजे तुमच्या बाबतीत रोमला.

नाशिकची_मनवा:
मावशी, दादा, खूप खूप आभार. व्हीलचेअर आत्ताच फोन करून सांगितली. साग्रादा फामिलिया चर्चला सकाळी जावं की संध्याकाळी? आईला फार वेळ उभं राहवत नाही.

मिरजेची_मावशी:
तिकीट ऑनलाइनच घ्यावं लागतं आणि वेळ ठरलेली असते, तेव्हा उद्यावर टाकू नकोस. पूर्वेच्या काचा निळ्या-हिरव्या, पश्चिमेच्या लाल-केशरी. मी दोन्ही वेळा पाहिल्यात. आईंना घेऊन संध्याकाळी पाचच्या सुमाराला जा. मध्ये बसायला बाकं आहेत. सासूबाईंच्या पांढऱ्या साडीवर केशरी उजेड पडला होता, त्या मांडीवरचा रंग बघत कितीतरी वेळ तशाच बसल्या होत्या. त्या दिवशी दुसरं काही ठेवू नकोस.