चर्चच्या शाळांनी मराठी मारली म्हणे! वसईत येऊन बोला

बावखल : परवा इथं एकानं ठोकून दिलं, 'गावागावांतल्या चर्चच्या शाळांनी धर्मांतरं केली आणि मराठी मारली, त्यांचं अनुदान बंद करा.' दुर्लक्ष करणार होतो, पण खाली शंभर लाइक्स बघून डोकं फिरलं. अहो, आम्ही पोर्तुगीज काळापासूनचे ख्रिस्ती. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून वसईचा किल्ला घेतला तेव्हाही इथंच होतो. हायस्कुलं त्यानंतर कितीतरी पिढ्यांनी आली. आमच्या धर्मग्रामाच्या, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या गावांच्या शाळेत बोर्ड मराठी, प्रार्थना मराठी, फादर शिवी द्यायचे तीही मराठीतच. मुलगी आठवीत शाळा सोडून वाडीत राबायला लागली की सायकल मारत घरी यायचे, बापाशी भांडायचे. २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर दिब्रिटो नंदाखालचे. मराठी अशी मारतात का?

सदाशिव : दिब्रिटोंचं नाव किती वर्षं पुरवणार? मुद्दा अनुदानाचा आहे. शिक्षणहक्क कायदा २००९ चा, २०१४ ला सुप्रीम कोर्टानं अल्पसंख्याक शाळांना त्यातून वगळलं. पगार सरकारनं द्यायचा, माणूस संस्थेनं निवडायचा. माझी बहीण बी.एड., मुलाखतीत पहिला प्रश्न, 'मूळच्या कुठल्या?' संपला विषय.

रहाट : आणि शिक्षणमहर्षींच्या संस्थांत काय विचारतात? आकडा! तिथं तुमचा कायदा झोपतो वाटतं.

वाडीवरची : दोघंही जरा थांबा. मराठी जपली म्हणे, पण कुणाची? आमच्या घरात सामवेदी, ही वसईतली बोली. आई पहाटेच्या गाडीनं दादरला फुलं घेऊन जायची, मी आजीकडे वाढले, दुसरी भाषा कानावर पडलीच नव्हती. वर्गात घरचा शब्द तोंडातून गेला की हातावर उभी पट्टी. 'शुद्ध बोल.' चौथीपर्यंत मी मुकी होते.

बावखल : पट्ट्या आम्हीही खाल्ल्या. पण प्रमाण मराठी आली नसती तर बोर्डाचा पेपर काय सामवेदीत लिहिणार होतीस?

वाडीवरची : पेपरचं कोण बोलतंय? मधल्या सुट्टीतही मारायचे. कॅथलिक चर्चच्या व्हॅटिकन परिषदेनंतर, १९६५ च्या पुढं, मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, लॅटिनमधून मराठीत आली. देवाशी लोकांच्या भाषेत बोलायची परवानगी मिळाली, पण पोरांना बाकावर शेजारच्याशी बोलायची नव्हती!

रहाट : हे मात्र झोंबलं. पण ताई, पट्टी मारणारे सर आपल्याच गावचे, घरी सामवेदीच बोलणारे. त्यांचं खापर फादरवर का?

वाडीवरची : शाळा चालवायचं श्रेय फादरचं आणि पट्टी सरांची. बरंय.

सदाशिव : घ्या, घरातूनच साक्ष निघाली. आणि आज? त्याच आवारात इंग्रजी माध्यमाची चकाचक इमारत, मराठीची तुकडी संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षक ठरवतात त्यात, दरवर्षी घसरते. कोण मारतंय मराठी?

बावखल : ठीक, हे खरं. पण फादर पालकांना दोरीनं बांधून नेत नाहीत. मराठी तुकडीला पोरं मिळावीत म्हणून शिक्षक मे महिन्यात घरोघरी फिरतात, दारातून आपलेच लोक परत पाठवतात. माझी दोन्ही इंग्रजीतच आहेत, हसा.

रहाट : सदाशिवराव, तुमची कुठल्या माध्यमात?

सदाशिव : सीबीएसई. त्याचा इथं संबंध नाही.

रहाट : नाहीच मुळी. तुमचं चालू द्या.

वाडीवरची : माझ्या प्रश्नाला अजून कुणी उत्तर दिलेलं नाही. मधल्या सुट्टीत का मारायचे?

बावखल : चुकत होते. बस? आता अनुदानावर येऊ या का?

वाडीवरची : 'बस' काढून टाका, मग येऊ.