सल्ला हवा : फुलांची पत्रं रंगवताना मार्कर आणि रंगीत पेन्सिल एकत्र कसं वापरावं? कागद कोणता?

अबोली_कोथरूड
नमस्कार मंडळी. आईची पंच्याहत्तरी डिसेंबरात आहे. छापील पत्रिका न काढता जवळच्या नातेवाइकांना हाताने रंगवलेली पत्रं द्यायची, असं आम्ही बहिणींनी ठरवलंय. फुलं तिच्याच बागेतली घ्यायची : जास्वंद, सोनचाफा, मोगरा.
अडचण अशी की नुसत्या मार्करने पाकळी झळझळीत होते, पण सपाट दिसते. नुसत्या पेन्सिलीने छान मऊ दिसते, पण एका पत्राला अख्खी दुपार जाते. दोन्ही एकत्र करायला जावं तर शाई रेषेबाहेर फुटते, नाहीतर वरून पेन्सिल लागत नाही. माझ्याकडे ओहुहूचे अल्कोहोल मार्कर आहेत आणि मुलांच्या शाळेच्या पेन्सिली. कागद कोणता घेऊ, आणि पुण्यात हात लावून बघून कुठे घेता येईल? ऑनलाइन फोटोवरून पोत कळत नाही.

शाई_पाकळी
अबोलीताई, सगळं कागदावर अवलंबून आहे, त्यामुळे आधी तेच सांगते. अल्कोहोल मार्करला गुळगुळीत, घट्ट कागद लागतो. खरखरीत किंवा सैल कागद टीपकागदासारखा शाई पितो आणि ती आडवी पसरते. पेन्सिलीला मात्र थोडी पकड हवी, अगदी चकचकीत आर्ट पेपरवर ती घसरते. दोघांना चालणारा कागद म्हणजे ब्रिस्टॉल, म्हणजे गुळगुळीत, जाडसर चित्रकागद, २५० जीएसएमच्या (दर चौरस मीटरला ग्रॅममधलं वजन) आसपासचा. चित्रकलेचा नेहमीचा कार्ट्रिज पेपर यासाठी घेऊ नका.
क्रम : आधी मार्कर, पूर्ण वाळल्यावर पेन्सिल. पेन्सिलीतलं मेण खाली असलं की शाई नीट आत शिरत नाही, आणि ते मेण मार्करच्या टोकालाही चिकटतं.
जास्वंद अशी करून बघा. मधल्या दांड्याची जागा कोरी सोडा, कारण मार्करची शाई पारदर्शक असते, लालावर पिवळा दिसणारच नाही. फिक्या लालाने पाकळी भरा, रेषेच्या केसभर आत थांबा, शाई आपोआप कडेपर्यंत जाते. ओलं असतानाच देठाकडून गडद लाल ओढा. वाळल्यावर टोकदार किरमिजी पेन्सिलीने देठापासून शिरा काढा, टोकाकडे जाताना दाब कमी करत न्या. पाकळीची कड जिथे दुमडते तिथे फिकी गुलाबी पेन्सिल, थोडी दाबून. त्या दुमडीनेच पाकळी उठून येते. सगळा भाग पेन्सिलीने भरत बसू नका, नाहीतर मार्करने वाचवलेला वेळ परत जाईल.

पेठेतला_चित्रकार
कागद आणि सुट्या पेन्सिली बघायला अप्पा बळवंत चौक. सकाळी दुकानं उघडताना जा, दुपारनंतर गाडी लावायला जागा मिळत नाही. आपला एक मार्कर बरोबर न्या आणि नमुन्याच्या तुकड्यावर रेघ मारून, कागद उलटून बघा.
शाळकरी पेन्सिलीत रंगद्रव्य कमी असतं, मार्करच्या गडद थरावर ती दिसत नाही. अख्खा संच नको. प्रिझमाकलर मेणाच्या आणि मऊ, पांढऱ्या-फिक्या छटांसाठी उत्तम. फाबर-कास्टेलच्या पॉलिक्रोमोस तेलाच्या, टोक टिकतं, शिरांसाठी त्याच. दोन्हीकडून सुट्या चार-पाच मिळाल्या तर तेवढ्यावर भागेल.

निळी_गोकर्ण
क्रमाबद्दल थोडा वेगळा अनुभव. पानांवर मी पेन्सिलीचा पातळ थर आधी देते आणि वरून अगदी फिका मार्कर फिरवते. अल्कोहोलने पेन्सिलीचे कण थोडे विरघळतात आणि दाणेदारपणा जातो. मात्र त्यासाठी एक जुना फिका मार्कर वेगळा ठेवलाय, आणि दर वेळी त्याचं टोक रद्दी कागदावर पुसते. फुलांना हे करू नका, रंग गढूळ होतो.
आणि सोनचाफ्याच्या सावलीला काळा किंवा राखाडी अजिबात नको, पिवळा हिरवट दिसायला लागतो. गेरूकडे झुकणारी पिवळी आणि नारिंगी पेन्सिल पुरते.

अबोली_कोथरूड
किती मनापासून सांगताय सगळे, खूप आभार! दोन शंका. मोगरा पांढऱ्या कागदावर कसा उठवायचा? आणि बाह्यरेषा एकदाच काढून झेरॉक्स मारल्या तर चालेल का?

शाई_पाकळी
झेरॉक्स नको. झेरॉक्सची काळी पूड (टोनर) कागदावर नीट पक्की बसलेली नसेल, तर रेष मार्करने फिसकटून काळेपणा पाकळीत ओढला जाऊ शकतो. खिडकीच्या काचेवर धरून ट्रेस करा आणि पिगमेंट शाईच्या (रंगद्रव्याची, मार्करने न फुटणारी) बारीक पेनाने गिरवा. ते वाळलं की शिसपेन्सिल पूर्ण खोडा. मार्करखाली राहिलेली शिशाची रेघ नंतर निघत नाही.
मोगऱ्याला मार्कर लावूच नका. मागची पानं गडद हिरव्या मार्करने भरा, पांढरा आपोआप पुढे येतो. पाकळ्या एकमेकींवर येतात तिथे फिकी हिरवट-राखाडी पेन्सिल, अगदी हलक्या हाताने. कळ्यांच्या देठाशी किंचित पोपटी. पांढरं जेल पेन सगळ्यात शेवटी आणि जिथे मेण कमी आहे तिथेच, दाट पेन्सिलीवर ते अडखळतं.

पेठेतला_चित्रकार
एक सुचवतो. शिवाजीनगरला हातकागद संस्था आहे, १९४० पासूनची. सुती चिंध्यांचा तो कागद मार्करला चालणार नाही, शाई तंतूंमधून पसरेल. पण घडीचं पत्र त्याचं करा आणि ब्रिस्टॉलवर रंगवलेलं फूल कापून त्यावर चिकटवा. मार्कर मागच्या बाजूला उतरतो, तोही प्रश्न मिटतो. एखादं फूल बिघडलं तरी पत्र वाया जात नाही.

निळी_गोकर्ण
हे फार छान! पाकिटात घालताना फुलावर बटर पेपर ठेवा, पेन्सिलीचा रंग समोरच्या पानाला लागतो. नातेवाइकांना हेही सांगा की फ्रेम केली तर उन्हाच्या भिंतीवर लावू नका. मार्करची शाई डायची (विरघळणाऱ्या रंगाची) असते, उजेडात विटते, आणि मग पेन्सिलीच्या शिरा तेवढ्या राहतात.

अबोली_कोथरूड
शनिवारी सकाळी अप्पा बळवंत चौक, तिथून शिवाजीनगर. पहिली जास्वंद झाली की फोटो इथेच टाकते, शिरांचा दाब जास्त वाटला तर स्पष्ट सांगा.