स्टेनलेस स्टीलची मापाची फ्रेम: खान्देशात एवढा खर्च करावा का?

तापीकाठ (भुसावळ)

दोन वर्षांपूर्वी अंगाची मापं देऊन रोड सायकलची फ्रेम बनवून घेतली. नळ्या रेनॉल्ड्स 953, म्हणजे स्टेनलेस स्टील, पुढच्या चाकाचा चिमटा कार्बनचा. परदेशातल्या कारागिराकडे नंबर लागायला चौदा महिने गेले. आयात जकात धरून नुसती फ्रेम तीन लाखांच्या घरात पडली. मागच्या आठवड्यात एका जवळच्या मित्राने तोंडावर सांगितलं, "पैसे पाण्यात घातलेस." मला तसं वाटत नाही. का, ते लिहितो. तुमचा विरोध असेल तर कारणांसकट सांगा.

माझी उंची 175 सेंटिमीटर, पण पाय आखूड आणि धड लांब. इनसीम, म्हणजे पायाची आतून लांबी, 79 सेंटिमीटर. त्याला 0.883 ने गुणलं की सीटची उंची सुमारे 69.8 येते. त्या हिशेबाने दुकानातली 52 ची फ्रेम बसते, पण हँडलपर्यंतचा पल्ला तोकडा पडतो. 56 ची घेतली तर पल्ला जमतो, पण सिग्नलला उभं राहिलं की दांडी टोचते. आठ वर्षं हँडल पुढे धरणारा लांब स्टेम लावून काढली. 300 किलोमीटरच्या बीआरएमला, म्हणजे ठरल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राइडला, 20 तास मिळतात. पायांत जोर असायचा, पण 180 किलोमीटरनंतर मान आखडायची आणि दोन्ही करंगळ्या बधिर व्हायच्या. एकदा तर गिअर बदलताना बोटांना बटणच लागेना. नव्या फ्रेमवर 400 पूर्ण केली आणि दुसऱ्या दिवशी नेहमीसारखा कामावर गेलो.

आता स्टेनलेसच का? आपल्याकडे मे महिन्यात पहाटे साडेपाचला निघालं तरी आठ वाजता अंगातून धारा लागतात. तो खारट घाम नेमका दांडीवर आणि केबलच्या खोबणीत ठिबकतो. जुन्या क्रोमोली (क्रोमियम-मॉलिब्डेनम मिसळलेलं पोलाद) फ्रेमचा रंग तिथेच फुगला, आणि खरवडला तर खाली गंज. या फ्रेमला रंगच नाही. ओल्या फडक्याने पुसतो. ओरखडा आला तर भांड्यांच्या हिरव्या घासणीने एकाच दिशेने घासतो, की परत पहिल्यासारखी. माझ्या हयातीत दुसरी फ्रेम घ्यायची नाही, म्हणून हिला खर्च केला.

केळीबाग (रावेर)

तापीकाठ भाऊ, मापाचा मुद्दा शंभर टक्के पटला. स्टेनलेसचा अजिबात नाही.

आपल्याकडे वर्षाला पाऊस साधारण 700 मिलिमीटर, तोही चार महिन्यांत. उरलेले आठ महिने हवा कोरडी. कोकणात किंवा मुंबईत स्टेनलेस घेतली असती तर समजलो असतो. माझ्या वडिलांची काळी सायकल 1978 पासून केळीच्या बागेत राबतेय, खताच्या गोण्या वाहून. साधं पोलादच, पण फ्रेम शाबूत आहे. क्रोमोलीच्या नळीत आतून मेणाचा फवारा मारा, बाहेरून चांगला पावडर कोट करा, चाळीस वर्षं बघायला नको.

दुसरं, स्टेनलेसची चाल मऊ, जिवंत असते असं लोक सांगत फिरतात. पोलादाची कुठलीही जात घ्या, ताठपणा 200 गिगापास्कलच्या आसपासच असतो. 953 मध्ये वाढते ती मजबुती. त्या जोरावर नळीची भिंत पातळ करता येते आणि तीनचारशे ग्रॅम वाचतात. तीनचारशे ग्रॅम म्हणजे अर्धी बाटली पाणी!

आणि विक्रीचं काय? जळगाव जिल्ह्यात तीन लाख म्हटलं की माणूस आधी सोन्याचा विचार करतो, आणि त्यात चूक काही नाही. सोनं कुठल्याही सराफाकडे मोडता येतं. तुमच्या आखूड पायांच्या आणि लांब धडाच्या मापाची फ्रेम उद्या कोण घेणार?

तापीकाठ

ताठपणाचं तुमचं म्हणणं खरं आहे, मी चाल मऊ आहे असं म्हटलेलंही नाही. चालीत जो फरक पडला तो बहुतेक 32 मिलिमीटरच्या टायरने पडला. जुन्या फ्रेममध्ये 25 च्या पुढचा टायर शिरतच नव्हता. विक्रीचं म्हणाल तर ती विकायला घेतलेलीच नाही. पण घामाचं मी डोळ्यांनी पाहिलंय, ते पावसाच्या आकड्याने खोडता येणार नाही. तुमच्या वडिलांच्या सायकलची नळी चांगली जाड आहे. पातळ नळीला गंज लागला तर हातात उरणार काय?

गिरणाकाठची (जळगाव)

दोघांनीही लांब धडाचा विचार केला, म्हणून माझं सांगते. माझी उंची 4 फूट 11 इंच. सगळ्यात लहान तयार फ्रेम घेतली तरी वळताना बुटाचं टोक पुढच्या चाकाला लागायचं. बांभोरीच्या पुलाअलीकडे एका ट्रकला वाट देताना त्यामुळेच पडले, हाताला टाके पडले. दुकानदार म्हणायचे, "ताई, सवय होईल." अशी सवय कशाला करून घ्यायची?

शेवटी फ्रेम बनवून घेतली. 700 सीऐवजी 650 बी चाकं, म्हणजे रिमचा व्यास 622 ऐवजी 584 मिलिमीटर. बूट आता लागत नाही. पण नळ्या साध्या क्रोमोलीच्या, वर गडद निळा रंग. तापीकाठ भाऊंच्या निम्म्याहून कमी पैशांत झालं. तेव्हा केळीबाग दादा, "मापाचं पटलं" एवढ्या एका वाक्यात हा विषय संपवू नका. माझ्यासाठी सगळा मुद्दा तोच आहे. आणि तापीकाठ भाऊ, तुम्ही मापाचं सुख स्टेनलेसच्या खात्यावर लिहिताय. ती दोन वेगळी खाती आहेत.

तोरणमाळ_चढ (शहादा)

तेवढ्या पैशात उत्तम कार्बन फ्रेम येते, किलोच्या आत. आम्हाला तोरणमाळचा घाट आहे. चढाला वजन जाणवतं, आणि घामाने कार्बनला गंज चढत नाही. माप बसत नसेल तर आधी चांगलं फिटिंग करून घ्या, म्हणजे आहे ती सायकल अंगाला जुळवून घ्या. बहुतेकांचं त्यातच भागतं.

आर्गन_धुळे

राम राम भो. मी वीस वरीसथून दूध डेअरीन्या टाक्या आन पाईप आर्गनवर जोडस. फ्रेमले कितला पैसा लागना हाई सगळासनी वाचं, पन जोड कसा शे हाई कोनी लिखं नही. पुढचं मराठीत लिहितो, सगळ्यांना समजेल.

स्टेनलेसचा टाका, म्हणजे वेल्डिंगचा जोड, बाहेरून मारताना नळीच्या आतही आर्गन वायू सोडावा लागतो. नाही सोडला तर टाक्याच्या आतल्या अंगाला काळा, दाणेदार, साखरेसारखा थर येतो. डेअरीत त्यात दूध अडकून नासतं, म्हणून आम्ही तसा जोड कापून टाकतो. सायकलमध्ये दूध नाही, पण चीर तिथूनच सुरू होते. वरून टाका कितीही सुंदर दिसला तरी आतला बघितल्याशिवाय मी त्याला चांगला म्हणणार नाही.

लेकासाठी डेअरीच्याच 304 जातीच्या स्टेनलेस पाइपची फ्रेम करून पाहिली होती. भिंत दीड मिलिमीटर. वजन भरलं पावणेचार किलो. 304 मऊ असतं, भिंत पातळ केली तर टिकणार नाही. त्यामुळे तुमच्या 953 चं महत्त्व मला कळतं. पण तिला चीर गेली तर खान्देशात नीट कोण करणार? त्या जातीला जुळणारी वेल्डिंगची तार माझ्याकडे नाही, आणि अंदाजाने हात लावणं मला पटणार नाही. साधी क्रोमोली घेऊन या, संध्याकाळपर्यंत जोडून देतो. आयुष्यभराची वस्तू आपल्या गावात दुरुस्त होणारी असावी, असं माझं मत.

केळीबाग

आर्गनभाऊंनी नेमकं बोट ठेवलं. त्यात पोच्याची भर घाला. 953 ची दांडी मध्यावर अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही पातळ असते. भुसावळ जंक्शनला सायकल लगेज डब्यात चढवताना शेजारचं एखादं हँडल दांडीवर आदळलं तर? स्टीलच्या डब्याला पडतो तसा पोचा पडेल, आणि पडला की पडला.

तापीकाठ

पोचा पडलाय. सीटनळीपासून चार बोटांवर, नखाएवढा. चाळीसगावहून कन्नड घाट करून परतताना टेम्पोत सायकल आडवी ठेवली होती, तेव्हाचा. त्या दिवशी जेवण गेलं नाही. नळी टोकांना जाड आणि मध्ये पातळ असते, त्यामुळे जोड सुरक्षित आहेत. कारागिराला फोटो पाठवले, तो म्हणाला, चालवत राहा. पण केळीबाग भाऊ, ही भीती खरी आहे. क्रोमोलीच्या वेळी ती मला नव्हती.

गिरणाकाठच्या ताई, दोन खाती वेगळी हेही मान्य. मापाच्या खात्यात मी शंभर टक्के समाधानी आहे. स्टेनलेसच्या खात्यात घाम आणि बिनरंगाचा पृष्ठभाग एवढंच जमा, बाकी माझी हौस. त्या हौसेला तुम्ही वायफळ म्हणालात तरी मला ती तशी वाटत नाही. रोज पहाटे ती नळी हाताला गार लागते तेव्हा बाहेर पडावंसं वाटतं.

शहाद्याच्या भाऊंना एकच: फिटिंग तीनदा करून घेतलं होतं. तिसऱ्या वेळी फिटिंगवाल्यानेच सांगितलं की तुमच्या मापाची फ्रेम बाजारात नाही.

आर्गन_धुळे

सीटपोस्ट अॅल्युमिनियमचा आहे ना? शेवटचा कधी काढला? घामाचं पाणी आत उतरलं की दोन धातूंमध्ये मीठ धरतं आणि पोस्ट नळीतच बसतो. मग काढताना पातळ नळी पिळवटते.

तापीकाठ

दर दिवाळीला काढून ग्रीस लावतो. या वर्षी राहिलंय.

आर्गन_धुळे

मग काढूनच घेऊन या. त्या भोकातून टॉर्च टाकून आतला टाका बघू. वाईट निघाला तर तोंडावर सांगेन.

तापीकाठ

रविवारी निघतो. रस्ता सपाट आहे, दुपार व्हायच्या आत धुळ्यात पोचेन.

केळीबाग

काय निघालं ते इथे लिहा. चांगलं निघालं तरी लिहा.