पहिला असेंबल्ड पीसी, बजेट ४५ हजार : 'ग्राफिक्स कार्ड नंतर घेऊ' हे शहाणपण की चालढकल?

विश्रामबागकर

भाच्याला यंदा मेकॅनिकलला प्रवेश मिळालाय. मॉनिटर सोडून ४५ हजारांत पीसी बसवायचा आहे. त्यानं सांगलीतल्याच एका दुकानातून कोटेशन आणलं: आय५ १२४००एफ, एच६१० बोर्ड, ८ जीबी रॅमची एकच पट्टी, २५६ जीबी एसएसडी, जीटी ७३० ग्राफिक्स कार्ड आणि चार रंगीत पंख्यांचं कॅबिनेट. कॅबिनेटबरोबर '४५० वॅट'चा एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) फुकट. कुठल्या कंपनीचा, ते लिहिलेलं नाही.

आता गंमत बघा. नावात एफ असलेल्या प्रोसेसरला स्वतःचं ग्राफिक्स नसतं. म्हणजे पडद्यावर चित्र दिसावं एवढ्यासाठी ते ७३० लावलंय. ते कार्ड २०१४ सालचं. एएमडीच्या रायझन ५६००जी प्रोसेसरच्या पोटातलं वेगा ग्राफिक्स त्याच्यापेक्षा जोरात पळतं, तेही वेगळे पैसे न मोजता.

म्हणून माझी यादी अशी: ५६००जी, बी५५० बोर्ड, ८ अधिक ८ अशा दोन पट्ट्या, ५०० जीबीची एनव्हीएमई (वेगवान एसएसडी), नाव असलेल्या कंपनीचा ५५० वॅटचा एसएमपीएस, साधं जाळीचं कॅबिनेट. कार्ड नाही. दोन पट्ट्यांचा आग्रह अशासाठी, की आतल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅममधूनच उचलतं. एका पट्टीवर चालवलं तर त्याचा श्वास कोंडतो.

पहिल्या मशीनमध्ये पैसा बोर्डात आणि एसएमपीएसमध्ये घालावा, असं माझं ठाम मत. कार्ड नंतर दहा मिनिटांत बसतं. बोर्ड बदलायचा म्हणजे अख्खं मशीन उकलायचं. कुणाचं वेगळं मत असेल तर कारणासकट सांगा.

रात्रपाळी

७३० बद्दल शंभर टक्के सहमत. ते कार्ड २०२६ मध्ये विकणाऱ्याला दंडवत. पण तुमची यादी तुमच्याच तत्त्वात बसत नाही हो.

५६००जीमध्ये एल३ कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी, १६ एमबी, साध्या ५६०० मध्ये ३२. शिवाय नावात 'जी' असलेला हा प्रोसेसर पीसीआय एक्सप्रेस (कार्ड जोडायचा रस्ता) ३.० वरच थांबतो. तुम्ही बी५५० घेताय, त्याच्या चौथ्या जनरेशनचे पैसे मोजताय, आणि त्यावर ते न देणारा प्रोसेसर बसवताय. दोन वर्षांनी कार्ड लावलंत की आतलं ग्राफिक्स बंद, आणि हातात उरतो अर्ध्या कॅशचा प्रोसेसर. जे चांगलं म्हणून घेतलं तेच त्या दिवशी निकामी.

दुसरं, 'नंतर' कधी येत नाही. कॉलेजच्या पोराला दोन वर्षांनी वीस हजार कोण काढून देतंय? तेव्हा फी असते, रूमचं भाडं असतं. पैसा एकदाच सुटतो. सुटलाय तोवर १२४००एफ आणि वापरलेलं आरएक्स ६६०० कार्ड घ्या, विषय संपवा.

विश्रामबागकर

तसं तर तुम्ही सुचवताय तो इंटेलचा १७०० सॉकेटही (बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा) चौदाव्या पिढीवर संपला. पुढचा रस्ता दोन्हीकडे बंद. रस्ता खुला हवा असेल तर एएमडीचा एएम५ सॉकेट, पण त्याला डीडीआर५ रॅम लागते, आणि एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीचा माल ओढायला लागल्यापासून रॅमचे भाव बघितलेत ना? तेवढ्यात ४५ हजार आटोपतात.

आणि वापरलेलं कार्ड? बिल नाही, वॉरंटी नाही, आधी क्रिप्टो मायनिंगला जुंपलेलं की काय तेही कळत नाही. पहिल्या मशीनला नको.

कुपवाड_जॉबवर्क

दोघंही हवेत आहात. माझं डिझाइनचं काम आहे, रोज सॉलिडवर्क्स हे पार्ट डिझाइन करायचं सॉफ्टवेअर चालतं. ते मॉडेलिंगला एकाच कोअरला धरून बसतं, म्हणून एका कोअरचा वेग आणि रॅम बघायची. कार्डाचं म्हणाल तर त्याचं रिअलव्ह्यू (पार्ट खऱ्यासारखा दाखवणं) सर्टिफाइड वर्कस्टेशन कार्डावरच मिळतं. गेमिंगचं कार्ड लावून पार्ट फिरवताना थोडा फायदा, बास. कॉलेजला काय असतं? ब्रॅकेट, फ्लँज, पन्नास पार्टची असेंब्ली.

मोठ्या कंपन्यांच्या ऑफिसांतून निघालेले आठव्या पिढीचे आय५ डबे घ्या. आय५ ८५००, सहा कोअर, १६ जीबी करून. निम्म्याहून कमी पैशात होतं. उरलेल्यात चांगला २४ इंची आयपीएस मॉनिटर. पोरगं चार वर्षं बघणार आहे ते पडद्याकडे, प्रोसेसरकडे नाही. फक्त आठव्याच्या खालचं घेऊ नका. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ सातव्या पिढीला सहसा दारात उभं करत नाही. चौथ्या पिढीचे डबे आता गल्लोगल्ली स्वस्त झालेत ते त्यामुळंच.

रात्रपाळी

त्या डब्यांचा एसएमपीएस बघितलाय का काका? अनेकांत बोर्डाचा कनेक्टरसुद्धा कंपनीचा स्वतःचा. बाजारातला साधा एसएमपीएस बसत नाही, कार्डाला वीज द्यायची आठ पिनची वायर नाही, बारक्या डब्यात पूर्ण उंचीचं कार्ड मावत नाही. त्यात वाढवायला काही उरत नाही.

कुपवाड_जॉबवर्क

७५ वॅटच्या आतलं कार्ड बोर्डाच्या स्लॉटमधल्या विजेवरच चालतं. आरटीएक्स ३०५० चं ६ जीबी मॉडेल ७० वॅटचं आहे, त्याला वेगळी वायर लागत नाही, लो प्रोफाइलमध्येही (कमी उंचीचं) येतं. माहिती असावी.

गणपती_पेठ_दुकान

कोटेशन माझं नाही, पण बोलतो. तुम्ही दुकानदाराला दंडवत घालताय. गिऱ्हाईक आत येऊन पहिला प्रश्न काय विचारतंय माहितीय? 'लाइटवाले पंखे किती?' एसएमपीएस कुठल्या कंपनीचा, हे विचारणारा महिन्यात एखादा. चांगला एसएमपीएस लावून कोटेशन दिलं की ते दोन-अडीच हजारानं वाढतं, आणि पोरगं ते घेऊन शेजारच्या दुकानात जातंय. मग शेजारचा फुकटचा एसएमपीएस लावतो. कुणाची चूक म्हणायची?

ऑनलाइनचंही सांगतो. भाव कमी दिसतो, खरं. पण बोर्ड गेला तर? पार्सल बांधा, पाठवा, वाट बघा. माझ्याकडून घेतलं तर मी माझ्या माणसाबरोबर सर्व्हिस सेंटरला पाठवतो. १८ टक्के जीएसटीचं पक्कं बिल घ्या, त्यावर प्रत्येक पार्टचा सिरियल नंबर लिहून घ्या. प्रोसेसर बॉक्समधलाच मागा. बॉक्सला कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी असते. ट्रेचा, म्हणजे बॉक्सशिवाय सुटा, स्वस्त पडतो, पण त्याची जबाबदारी विकणाऱ्यावर, आणि विकणारा दुकान बंद करून गेला की कुणावरच नाही. यादी आणा, पुण्याहून मागवून देतो. मात्र यादी आणताना त्यावर भाव कुठल्या वेबसाइटवरचा, किती महिन्यांपूर्वीचा, ते बघून आणा.

तासगावची_ताई

विषयाला सोडून विचारते, रागावू नका. पोरगं हॉस्टेलला गेलं तर हे धूड नेणार कसं? तेवढ्याच पैशात लॅपटॉप का नको?

विश्रामबागकर

ताई, तो घरातूनच येजा करणार आहे. हॉस्टेलला जाणाऱ्यानं लॅपटॉपच घ्यावा, त्यात वाद नाही.

वायरमन_गावभाग

तुम्ही कॅशवर भांडताय आणि भिंतीतल्या सॉकेटकडं कुणाचं लक्ष नाही. माझं रोजचं काम तेच, म्हणून जरा लांबण लावतो.

गावभागात, पेठांत जुन्या वाड्यांना अर्थिंग नावालाच असतं. तीन पिनचा सॉकेट बसवलेला, मागं दोनच वायरी. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात आणि माणूस म्हणतो मशीन खराब. आधी मीटर लावून बघायचं: फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ दोन्हीकडं साधारण सारखं व्होल्टेज पाहिजे, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. ते नसेल तर महागातला एसएमपीएससुद्धा अर्धंच काम करतो, कारण त्याच्या फिल्टरमधल्या करंटला जायला जागा नाही. स्वतः बोटं घालू नका, माणूस बोलवा.

मग एसएमपीएस. ८० प्लस ब्राँझचा शिक्का म्हणजे ११५ व्होल्टच्या चाचणीत अर्ध्या लोडला ८५ टक्के कार्यक्षमता. एवढंच. व्होल्टेज चढलं तर तो स्वतःला तोडतो का, हे शिक्का सांगत नाही. ते कंपनीच्या कागदावर ओव्हर व्होल्टेज, शॉर्ट सर्किट प्रोटेक्शन लिहिलंय का, तिथं बघायचं. फुकटच्या एसएमपीएसवर ४५० छापलेलं असतं, पण उचलून बघा, रिकाम्या डब्यासारखा हलका लागतो.

आणि यूपीएस. ६०० व्हीएचा यूपीएस घेऊन लोक ६०० वॅट समजतात. त्यातून मिळतात सहसा ३६० वॅट. कार्ड नसलेलं मशीन आणि मॉनिटर त्यावर सुखात चालतं, वादळात लाइट गेली तरी काम सेव्ह करून बंद करायला वेळ मिळतो. आरएक्स ६६०० एकटंच १३२ वॅटचं. ते लावून गेम चालू असताना लाइट गेली, तर तो बारका यूपीएस तेवढा लोड झेलेलच असं नाही. घरच्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर तर चांगला एसएमपीएससुद्धा कधी कधी रीस्टार्ट मारतो. त्याच्यातल्या ॲक्टिव्ह पीएफसी नावाच्या सर्किटला ती लाट पटत नाही.

तळमजल्यावर राहत असाल तर कॅबिनेट टेबलावर ठेवा. आयर्विन पुलाला कृष्णेचं पाणी ४० फुटांच्या इशाऱ्यावर आलं की माळ्यावर. २०१९ च्या पुरानंतर हे सांगायला नको, तरी सांगतो.

विश्रामबागकर

हे म्हणजे माझ्याच बाजूनं झालं. यूपीएसचा खर्च धरला तर कार्डाला पैसे उरतातच कुठं?

रात्रपाळी

वायरमनदादांचं सगळं मान्य, पण त्यातनं ५६००जी सिद्ध होत नाही. कार्ड नंतरच घ्यायचं असेल तर १२४०० घ्या, एफ नसलेला. त्यात यूएचडी ७३० हे आतलं ग्राफिक्स आहे, गेमला अशक्त आहे, पण डिस्प्ले देतं. क्विक सिंकमुळं व्हिडिओ एडिटिंगलाही मदत होते, ती एफमध्ये मिळत नाही. आणि उद्या कार्ड लावलं की प्रोसेसर पूर्ण ताकदीनं उभा. 'नंतर' वर तुमचा विश्वास असेल तर यादी तरी 'नंतर'ची करा. तुमची यादी आजच्या गेमिंगची आहे आणि भाषण उद्याचं.

भाचा_स्वतः

मामा, मी वाचतोय सगळं. एक सांगायचं राहिलं. मला ब्लेंडर हे थ्रीडी सॉफ्टवेअर शिकायचंय. आणि व्हॅलोरंट गेम चालायला पाहिजे.

रात्रपाळी

घ्या! ब्लेंडरचं सायकल्स रेंडर प्रोसेसरवर चालवलं की एका फ्रेमला चहा होऊन येतो. त्याला कार्ड हवं, आणि त्यातही एनव्हिडियाचं, रेंडर वेगानं करणारं ऑप्टिक्स आहे म्हणून. माझं ६६०० मागं घेतो, त्याच्या जागी आरटीएक्स बघा.

विश्रामबागकर

हे कोटेशन आणायच्या आधी बोलला असतास तर तुझ्या आईचा फोन मला तीनदा आला नसता. ठीक. शिकायला ब्लेंडरचंच हलकं ईव्ही रेंडर पुरतं, सायकल्स रात्री लावून झोपायचं. व्हॅलोरंट यूएचडीवरही सेटिंग खाली आणून चालतं, त्यासाठी वीस हजार नाहीत. १२४०० चं गणित मला पटतंय: तोच, एफ नसलेला, बी६६० बोर्ड, बाकी यादी तीच. वापरलेलं कार्ड मात्र या घरात येणार नाही. पहिल्या वर्षाचं ड्रॉइंग आणि सी प्रोग्रामिंग बघून मग नवीन कार्डाचं बोलू, बिलासकट.

रात्रपाळी

वापरलेलं घेणारानं विकणाऱ्याच्या घरी जाऊन अर्धा तास फरमार्क (कार्डावर ताण देणारी चाचणी) चालवायचं, तापमान बघायचं, मूळ बिल मागायचं. कार्डाची वॉरंटी अनेकदा सिरियल नंबरवर असते, तो तपासायचा. एवढं केलं तर भीती कशाची? तुमच्या वर्षभराच्या 'बघून मग' मध्ये पोराची ब्लेंडरची हौस जिरलेली असेल.

कुपवाड_जॉबवर्क

जिरली तर वीस हजार वाचले की!

गणपती_पेठ_दुकान

विश्रामबागकर, १२४०० बॉक्समधला आत्ता सांगलीत माझ्याकडं नाही, आहे तो एफच. सगळे तोच नेतात. एफ नसलेला पुण्याहून गुरुवारपर्यंत येईल, भाव आल्यावर सांगतो, रॅमचा भाव मात्र त्या दिवशीचाच. भाच्याला घेऊन या, त्याच्यासमोर बसवतो. आणि कॅबिनेटला किती पंखे, ते त्यालाच विचारून ठेवा.